तक्रार नसलेल्या सदस्येची गोळी

अमेरिकेत दरवर्षी पंधरा ऑक्टोबर ते सात डिसेंबर या काळात पासष्टीपुढचा प्रत्येक माणूस स्वतंत्र असतो. उरलेलं वर्षभर त्याच्या औषधांचा विमा त्याला सांभाळतो. या चौपन्न दिवसांत त्यानं विम्याला सांभाळायचं असतं. पुढच्या वर्षी कोणत्या योजनेच्या कुशीत शिरायचं, हे त्यानं स्वेच्छेनं, शांत चित्तानं आणि चष्मा लावून ठरवावं, अशी व्यवस्था आहे. माझ्या आईनं ते पहिल्याच दिवशी ठरवलं.

"आहे तीच राहू दे," ती म्हणाली. "सोडून गेलो तर त्यांना काय वाटेल?"

आई शहात्तर वर्षांची आहे. नाव डोरीन. डुलुथच्या उत्तरेला, जिथे जानेवारीत नाकातला श्वास नाकातच गोठतो, तिथे तिनं एकतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि त्या एकतीस वर्षांत हॉर्न दोनदा वाजवला. दोन्ही वेळा समोर हरीण होतं, आणि दोन्ही वेळा तिला नंतर वाईट वाटलं. सहा वर्षांपूर्वी तिच्या हृदयाचे ठोके चुकायला लागले. तेव्हापासून ती एक बारीकशी गुलाबी गोळी घेते, सकाळी एक, संध्याकाळी एक. रक्ताची गाठ होऊ नये म्हणून. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की एकही चुकवायची नाही. गाठ झाली तर ती सहसा मेंदूकडे जाते.

हे ज्या बाईला सांगितलं, ती बाई बाळाच्या अंघोळीचं पाणी दोन थर्मामीटरनी मोजते, कारण पहिलं बिघडलेलं असू शकतं. त्यामुळे कंपनीकडून आलेलं 'आगामी वर्षातील बदलांबाबतचे निवेदन' मी वाचलं. चौऱ्याण्णव पानं होती. ते वाचण्यासाठी नसतं, पाठवण्यासाठी असतं, हे मला नंतर कळलं. माझी नऊ महिन्यांची टिल्डा मांडीवर त्याचा कोपरा चघळत होती आणि मी एकसष्टाव्या पानावर पोचले. तिथे लिहिलं होतं, की सदस्यांच्या व्यापक हिताचा विचार करून खालील औषधे यादीतून कमी करण्यात येत आहेत. चौथी गुलाबी होती.

"आई, तुझी गोळी काढली त्यांनी."

"असेल काहीतरी कारण."

"काय कारण असणार?"

"ते मला कसं कळणार? मी काय विमा कंपनी आहे? एवढी शिकलेली माणसं बसलीत तिथे. चिडू नकोस, दूध आटेल."

आमच्या जिल्ह्यात एकूण एकोणीस योजना उपलब्ध होत्या. मी एक तक्ता केला. उभ्या रकान्यात योजना, आडव्यात आईची सात औषधं, पुढे चार औषधदुकानं, कारण एका दुकानात जी गोळी योजनेत बसते ती रस्त्याच्या पलीकडच्या दुकानात बसत नाही. योजनांची नावं 'निश्चिंत', 'निश्चिंत अधिक', 'निश्चिंत निवडक' आणि 'निश्चिंत अधिक निवडक' अशी होती, म्हणजे फरक लगेच लक्षात येत होता. तीन रात्रींत तक्ता पाचशे बत्तीस चौकोनांचा झाला. नवरा एकदा मागून डोकावला आणि म्हणाला, "आपण घर घेतलं तेव्हा एवढं बघितलं नव्हतं." घरात गळती आहे, याची मी त्याला आठवण करून दिली.

इकडे आईनं परस्पर दुसरीच योजना पसंत केली होती. दर गुरुवारी चर्चच्या तळघरात तिचा पत्त्यांचा डाव असतो. तिथे एक विमा एजंट स्वतः भाजलेला केक घेऊन आला. बायकांनी पहिल्यांदा नको म्हटलं, दुसऱ्यांदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा अगदी छोटासा तुकडा घेतला, आणि त्याचे एवढे उपकार झाल्यावर सही न करणं कुणालाच बरं वाटलं नाही.

"पत्त्यांच्या डावातल्या अर्लीननं घेतली आहे ती योजना," आई म्हणाली. "अर्लीन मूर्ख नाही."

"अर्लीनबाई फक्त ड जीवनसत्त्व घेतात, आई."

"तर मग बघ ना, किती तब्येत सांभाळते ती."

शेवटी तक्त्यातून एकच योजना वर आली, 'निश्चिंत अधिक'. तिच्या यादीत गुलाबी गोळीसकट सातही औषधं होती. मी तीन नोव्हेंबरला आईचं नाव नोंदवलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा गरम असताना कॉफी प्यायले. मग दिसलं, की गोळीच्या नावापुढे एक बारीक फुली आहे. फुलीचा अर्थ या योजनेच्या पुस्तिकेत दोनशे बाराव्या पानावर होता आणि त्या पानावर, अधिक माहितीसाठी फोन करा, असं होतं.

एक्केचाळीस मिनिटांच्या संगीतानंतर प्रेस्टन नावाचा तरुण भेटला. त्याचा आवाज इतका मऊ होता, की मलाच माझ्या आवाजाची लाज वाटली.

"मॅडम, ती फुली म्हणजे पायरी. आधी सदस्येनं जुनी, स्वस्त गोळी घेऊन पाहायची. तिच्यावर अपयश आलं, की ही गोळी आनंदानं मंजूर."

"अपयश म्हणजे?"

"गाठ. किंवा रक्तस्राव. दोन्हींपैकी एक पुरेसं आहे."

"आणि गाठ मेंदूत गेली तर?"

प्रेस्टननं पानं चाळल्याचा आवाज आला. "अशा वेळी अर्ज घरातल्या व्यक्तीनं भरला तरी चालतो. सदस्येची सही लागत नाही. ती सवलत आहे."

मी म्हणाले, गेली सहा वर्षं ती हीच गोळी घेऊन ठणठणीत आहे. प्रेस्टन म्हणाला, तेच तर अडचणीचं आहे, सहा वर्षांत एकही झटका नसेल तर धोका आहे हे कशावरून समजायचं. पण अपवादाचा अर्ज करता येईल. कंपनीची परिचारिका आईला फोन करेल आणि प्रत्यक्ष तिच्याच तोंडून तिचा त्रास समजून घेईल. कंपनीचा सदस्यांच्या शब्दावर पूर्ण विश्वास आहे.

फोन आला तेव्हा मी टिल्डाला लस द्यायला गेले होते. संध्याकाळी आईनं मोठ्या समाधानानं सांगितलं.

"जोलीन तिचं नाव. गोड मुलगी. टेक्ससची आहे, तिनं आयुष्यात बर्फ उपसलेला नाही. मी तिला सांगितलं, फावडं कसं धरायचं ते."

"तिनं काय विचारलं?"

"कशा आहात म्हणाली. मी म्हटलं, वाईट नाही."

"आणि?"

"धाप लागते का म्हणाली. मी म्हटलं, कुणाला लागत नाही. छातीत धडधडतं का म्हणाली. म्हटलं, मी लक्षच देत नाही. काही तक्रार आहे का म्हणाली. आता तूच सांग, ती बिचारी सकाळपासून लोकांची रडगाणी ऐकतेय, तिला मी आणखी काय सांगू? म्हटलं, बाळा, तक्रार कसली."

आठ दिवसांनी पत्र आलं. 'सदस्येस कोणताही त्रास नसल्याचे सदस्येने स्वतः एकूण चार वेळा स्पष्ट केले आहे. सबब, सदर औषधाची वैद्यकीय आवश्यकता दिसून येत नाही. आपल्या उत्तम आरोग्याबद्दल अभिनंदन.' सोबत एक माहितीपत्रक होतं, बर्फात चालताना घ्यायच्या काळजीचं.

अपील करता येत होतं, आणि अपिलासाठी पुन्हा तोच फोन येणार होता. तोपर्यंत आईला तक्रार करायला शिकवणं भाग होतं. तिच्याच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही तालीम केली. मी परिचारिका झाले.

"एक ते दहा या मापात तुमचा त्रास किती?"

"दोन."

"आई, परवा जिन्यात मध्येच बसलीस. किती होता?"

"दोनच. पण बसल्यावर एक झाला."

"बाबा गेले त्या रात्री?"

तिनं मेजावरचा कण बोटानं टिपला. "चार," ती म्हणाली. "पण हे त्या मुलीला सांगायचं नाही."

दुसऱ्यांदा जोलीनचा फोन आला तेव्हा मी शेजारी बसून होते. आईनं माझ्याकडे बघत, धडा म्हटल्यासारखं सांगितलं, "मला त्रास होतो." आणि मग तिला स्वतःलाच ते इतकं उद्धट वाटलं असावं, की घाईघाईनं पुढे म्हणाली, "पण तू काळजी करू नकोस हं, तुझा काही दोष नाही. माझ्यापेक्षा वाईट अवस्था असलेले कितीतरी असतील, त्यांचं आधी बघ." फोन झाल्यावर सेवेला गुण द्यायचे होते. आईनं पाचपैकी पाच दिले. मी बघितलं तिच्याकडे.

"काय? मुलगी चांगली बोलली माझ्याशी," ती म्हणाली. "तिची नोकरी घालवू का?"

दुसरं पत्र पहिल्यापेक्षा लहान होतं. 'सदस्येने प्राधान्य इतर सदस्यांना देण्याची स्वेच्छेने विनंती केली असून ती मान्य करण्यात येत आहे.'

चार डिसेंबरला मी आईकडे गेले. ती टिल्डाला सफरचंदाचा गर भरवत होती. मी सवयीनं तिचा आठवड्याच्या गोळ्यांचा डबा उघडला. सकाळचे खण त्या दिवसापर्यंत रिकामे होते. संध्याकाळचे सगळे भरलेले.

"आई, कालची संध्याकाळची?"

"आहे की."

"परवाची?"

तिनं चमचा खाली ठेवला. वरच्या फडताळातून कॉफीचा रिकामा डबा काढला आणि माझ्यापुढे सरकवला. आत गुलाबी गोळ्या होत्या. खणांत साठलेल्या धरून एकोणतीस.

"जानेवारीत अडू नये म्हणून," ती म्हणाली. "तू फोनवर त्या पोरावर ओरडलीस ना, त्यानंतर दोन दिवसांनी सुरू केलं. म्हटलं, एवढं अंगावरचं पाजतेय, रात्ररात्र ते चौकोन भरतेय. आपण आपलं जमवावं."

मी ओरडले नाही. मी तिचा हात धरला आणि तिची नाडी बघितली, जी मला बघता येत नाही.

"कशी आहेस?" मी विचारलं.

"वाईट नाही," आई म्हणाली.

त्या संध्याकाळी मी तिला समोर बसवून गोळी घ्यायला लावली. मग दुसरं आणि शेवटचं अपील लिहिलं. माझ्या शिक्षणाचा एवढा उपयोग पूर्वी कधी झाला नव्हता. चार पानं, तारखांसह. योजनेच्या नकारामुळे एका शहात्तर वर्षांच्या हृदयरोगी स्त्रीवर निम्मा डोस घेण्याची वेळ आली, हे मी पुराव्यानिशी मांडलं. गोळ्यांच्या डब्याची छायाचित्रं जोडली, कॉफीच्या डब्यातल्या गोळ्यांचं एक जोडलं. डॉक्टरांचं पत्र जोडलं. कुणाही माणसाच्या काळजाला पाझर फुटला असता, असं ते लिखाण होतं, आणि मी ते तातडीच्या खान्यात टाकलं.

सात डिसेंबरला दुपारी चार वाजता प्रेस्टनचा फोन आला.

"मॅडम, अभिनंदन. मंजूर झालं."

मी फरशीवरच बसले. टिल्डा माझ्या अंगावर चढली.

"समितीला आपलं लिखाण फार आवडलं," प्रेस्टन म्हणाला. "इतकी व्यवस्थित माहिती कुणी देत नाही. दिवसाला एका गोळीवर सदस्येची प्रकृती एकोणतीस दिवस स्थिर राहिली, हे आपण छायाचित्रांसह सिद्ध केलंत. त्यानुसार दिवसाला एक गोळी मंजूर करण्यात आली आहे."

"ती दोन घेते. दोन घ्यायच्या असतात. डॉक्टरांचं पत्र आहे सोबत."

"होय, पण ते मत आहे मॅडम. आपला पुरावा आहे."

मी विचारलं, योजना बदलता येईल का. तो म्हणाला, अर्थातच, आज मध्यरात्रीपर्यंत सदस्या पूर्णपणे स्वतंत्र आहे. मी विचारलं, दोन्ही गोळ्या देणारी योजना कोणती. तो म्हणाला, ते सांगता येणार नाही, सदस्येच्या निवडस्वातंत्र्यावर कंपनीचा प्रभाव पडता कामा नये. मी तक्ता उघडला. गुलाबी गोळी यादीत असलेल्या आणखी तीन योजना होत्या, आणि मी आधी न बघितलेली फुली तिन्हींपुढे होती. तिथे गेलं, तर आईला पुन्हा पहिल्या पायरीवर उभं राहावं लागणार होतं. इथे निदान सकाळ तरी मंजूर होती.

मी प्रेस्टनचे आभार मानले. मनापासून मानले, तेच मला नंतर टोचत राहिलं.

आईला सांगितलं तर म्हणाली, "बघ, ऐकतात ती माणसं. उगाच नावं ठेवतेस." अर्लीनबाईंनी हे ऐकून लिंबाच्या वड्यांचा ट्रे पाठवला. संध्याकाळच्या गोळीसाठी सध्या कॉफीचा डबा आहे. एक जानेवारीपासून रोज एक, म्हणजे तो एकोणतीस तारखेपर्यंत पुरेल. मी पुन्हा मोजल्यात. तीसला काय करायचं, यासाठी मी नवा तक्ता केला आहे. त्यात अजून एकच रकाना आहे.

आभार मानून झाल्यावर प्रेस्टननं मला फोन न ठेवण्याची विनंती केली होती. आजच्या सेवेबद्दल एक ते पाच. चार किंवा कमी गुण दिल्यास कारणे नमूद करण्यासाठी स्वतंत्र अर्ज आपल्या पत्त्यावर पाठवला जाईल. टिल्डा रडायला लागली होती, मंजुरीचं पत्र अजून हातात यायचं होतं, आणि मुलगा चांगला बोलला होता माझ्याशी. मी पाच दाबलं.

आता तुमच्या चेहऱ्यावर जे आलं आहे, ते मला इथून दिसतंय. 'निश्चिंत अधिक'ला या वर्षी पाच तारे मिळाले आहेत. जाहिरातीत लिहिलं आहे, की हे तारे आमच्या समाधानी सदस्यांनी दिले. त्यातले आमच्या दोघींचे धरा, आईचे आणि माझे. बाकीचे लाखभर कुणाचे? गेल्या वेळी कुणीतरी अर्धं काम करून गोड आवाजात तुम्हाला गुण विचारले होते, तेव्हा तुम्ही किती दाबलं होतं?