शंकरबापूंचा गाळलेला प्रसंग

तारखा आधी. चित्रीकरण : मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार, रंकाळा तलावाचा काठ. प्रक्षेपण : शिमग्यानंतरचा पहिला रविवार, दुपारी. जबाबदार इसम : एक, दिग्दर्शक, दोन, कात्री चालवणारा संकलक, तीन, दूरचित्रवाणीचे संबंधित अधिकारी, आणि चार, काही अंशी, माझे शेजारी शंकरबापू स्वतः.

शंकरबापू टीव्हीवर टॉवेल टाकून बातम्या ऐकतात. “आपण त्यास्नी बघतोय, मग ते आपल्याला बघत नसतील कशावरनं? ह्यात गोम हाय, साहेब.” हयात कंडक्टरकीत गेल्यामुळे जगातला प्रत्येक इसम विनातिकीट आहे, अशी त्यांची धारणा. दारी आलेल्या पाहुण्याला ते “कुठनं बसलासा?” असे विचारतात. लग्नपत्रिका आली तर उजेडात धरून बघतात.

असा मनुष्य एके सकाळी माझ्याकडे येऊन म्हणाला, “साहेब, मी शिनेमात हाय.” गोमेचा उल्लेख नाही. मला तत्काळ संशय आला.

“कोणता सिनेमा?”

“टीव्हीवरचा. म्हाताऱ्या कोळ्याचा. लई मोठ्या पुस्तकावरनं काढलाय. बिचाऱ्याला मासाच घावत न्हाय.”

“ती कथा समुद्रावरची आहे. रंकाळ्यात समुद्र कुठून आला?”

“काठावरचं तेवढं हितं. पल्याडचा काठ दिसाय नगो म्हणून आमास्नी म्होरं हुबं केलतं.”

माझी नोकरी जिल्हा न्यायालयाच्या कचेरीत झाली. पुराव्यावाचून मी कोणाचा शब्द ग्राह्य धरत नाही. सबब मी रंकाळ्यावर जाऊन एका भेळवाल्याची साक्ष घेतली.

“हुते की! त्यांनीच तर घोळ घातला,” तो म्हणाला.

घोळ असा. म्हातारा कोळी रिकाम्या हाताने परततो, तेव्हा काठावरच्या इतर कोळ्यांनी मान खाली घालून गप्प राहायचे होते. नट झोकांड्या खात आला. बापू म्हणाले, “पावणं, जेवलासा काय?” चित्रीकरण थांबले. पुन्हा सुरू झाल्यावर बापू हळू आवाजात, “च्या तरी घ्या की.” त्यानंतर मात्र त्यांनी तोंड उघडले नाही, नुसती फडक्यातली भाकरी पुढे केली.

“अहो, त्याला उपाशीच राहायचंय!” दिग्दर्शक ओरडला.

“उपाशी मानूस म्होरनं जातोय आन् आमी गप बसायचं? कुठल्या गावचं हो तुमी?”

अखेरीस बापूंना दोन्ही हातांत जाळे धरायला देऊन तो प्रसंग पुरा झाला, असे भेळवाल्याचे म्हणणे. साक्ष मी ग्राह्य धरली.

रविवारी सगळी गल्ली बापूंच्या घरात. टॉवेल काढलेला. बापू दाढी करून, फेटा बांधून, पडद्यासमोर ताठ बसलेले. कोळी आला, काठावरून गेला. काठ मोकळा! माणूस नाही, जाळे नाही, काही नाही.

“बापू, फुडच्या स्टॉपला चढणार व्हय?” मागून कोणीतरी ओरडले. हशा झाला. चित्रपट संपला, गल्ली पांगली. करारपत्रावर सही केली होती का, हे विचारण्यासाठी मी मागे थांबलो. बापू जागचे हलले नव्हते.

“साहेब, निपाणीला सुमीच्या घरात टीव्ही हाय,” ते म्हणाले.

सुमी ही त्यांची एकुलती मुलगी. तिने स्वतः पसंत केलेल्या मुलाच्या घराण्यात बापूंनी इतक्या गोमा शोधल्या, की लग्न त्यांच्यावाचूनच झाले. त्यानंतर येणे-जाणे बंद. या वेळी मात्र निपाणीच्या गाडीवरल्या कंडक्टरकडे त्यांनी निरोप धाडला होता : बाप टीव्हीवर येणार आहे, बघ.

“‘बघतो म्हणावं,’ असं सांगितलंतं तिनं. बसली असंल पोराला मांडीवर घिऊन. ‘ह्यो बघ, आता तुजा आजा येईल,’ म्हनली असंल.” बापूंनी फेटा उतरवला. “आता म्हनंल, माज्या बानं थाप मारली.”

करारपत्राचे मी विचारले नाही.

या जाहीर पत्रात मी नुकसानभरपाई मागत नाही. प्रसंग का गाळला, हेही विचारत नाही. दिग्दर्शक महाशय, माझा सवाल एकच : त्या गुरुवारी आपल्या कॅमेऱ्यासमोर शंकरबापू उभे होते की नव्हते? मला खासगी पत्र पाठवू नये. ते निपाणीत कोणी वाचणार नाही. उत्तर पडद्यावर द्या, रविवारी, दुपारी, जेव्हा ती घरी असते.