समजा, पेटलं!

आमच्या सेफ्टी ऑफिसरला कामावरून कमी करायचं पत्र मी त्याच्याच हातात टाइप करायला दिलं.

मुद्दाम नाही. मुद्दाम वाईट वागायला जी हुशारी लागते ती माझ्याकडे असती, तर नंदुरबारबाहेरच्या कापसाच्या एका जिनिंग मिलमध्ये मी पंचवीस वर्षं हजेरीपट सांभाळत बसलो नसतो. सेठने तोंडी हुकूम दिला, मी तो कागदावर खरडला आणि गाठींच्या पावत्या, डिझेलची बिलं यांच्या चळतीत घालून सगळा गठ्ठा सवयीने रायसिंगच्या टेबलावर ठेवला. ऑफिसात मराठी टायपिंग त्याला एकट्यालाच येतं. अर्ध्या तासाने तो पत्र घेऊन आला. सुबक समास, तारीख, विषय, सगळं जागच्या जागी.

"सर, नोटीस किती दिवसांची ते राहिलंय. मी एक महिना टाकलाय. आणि कारण 'गरज संपल्यामुळे' असं आहे. कशाची गरज संपली? समजा, कोणी विचारलं, तर?"

मी टेबलाखाली चप्पल शोधू लागलो. चप्पल पायातच होती.

हा 'समजा' म्हणजे रायसिंग पावरा. तोरणमाळच्या घाटाखालच्या एका पाड्यातला. शहाद्याला बीएस्सी, मग नाशिकला खोली घेऊन इंडस्ट्रियल सेफ्टीचा एक वर्षाचा डिप्लोमा. वय सव्वीस, वजन बेताचं, डोक्यावर पिवळं हेल्मेट. हेल्मेट स्वतःच्या पैशाने घेतलेलं, कारण मिलने दिलेल्याला चीर होती आणि "चिरलेलं हेल्मेट म्हणजे टोपी, सर."

त्याची मुलाखत मीच घेतली होती. बाहेरदेशचा कोणी खरेदीदार सेठची रुई घेणार होता, आणि त्याच्या माणसांनी अट घातली होती की मिलमध्ये शिकलेला सेफ्टी ऑफिसर पाहिजे. आता शिकलेल्या सेफ्टी ऑफिसरला काय विचारायचं, हे न शिकलेल्या मला कुठून ठाऊक? मी विचारलं, "मोटरसायकल येते का?" तो म्हणाला, येते. "मग बँकेत जाशील ना?" तो म्हणाला, जाईन. सेठने एकच प्रश्न विचारला, "फोटो काढतील तेव्हा पुढे उभा राहशील ना?" झाली मुलाखत. बिचारा सोबत आग विझवण्याच्या प्रकारांचा तक्ता गुंडाळी करून घेऊन आला होता. जाताना तशीच गुंडाळी परत घेऊन गेला.

पगार ठरला तो सेठच्या ड्रायव्हरपेक्षा कमी. मी भीत भीत म्हटलं, "सेठ, ऑफिसर आहे, डिप्लोमा आहे."

सेठ म्हणाले, "नाना, ड्रायव्हर काहीतरी चालवतो. हा फक्त थांबवणार."

आणि थांबवायचा खरंच. पहिल्याच आठवड्यात त्याने फाटकाशी एक काळा फळा टांगला. वर मथळा, 'आजचा धोका'. सोमवारी 'उघडी वायर', मंगळवारी 'मशीनच्या पट्ट्याला जाळी नाही'. बुधवारी सकाळी सगळ्या बाया फळ्यापुढे उभ्या राहून पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी जवळ गेलो. 'आजचा धोका : नाना. कापसाच्या गंजीमागे बिडी.'

मी त्याला केबिनमध्ये घेतलं. "अरे, मी तुझा वरिष्ठ!"

"हो सर. समजा, पेटलं, तर कापूस वरिष्ठ बघतो का?"

यावर उत्तर असेल तर वाचकांनी कळवावं. बिडी मात्र रस्त्यापलीकडे जाऊन ओढायला लागलो.

एकदा त्याला घरी जेवायला नेलं. बसण्याआधी हा स्वयंपाकघरात. सिलिंडरची नळी बोटांनी चाचपली, तारीख वाचली आणि गंभीरपणे म्हणाला, "काकू, समजा पेटलं, तर?"

आमची ही तव्यावरून मान न वळवता म्हणाली, "पेटालेच पाहिजे भाऊ, नईतर भाकर कशी व्हई?"

तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी नवी नळी घेऊन आला आणि स्वतः बसवून गेला. तेव्हापासून आमच्या घरात शहाणा माणूस एकच समजला जातो, आणि तो या घरात राहत नाही.

कोरीटला माझ्या पुतण्याचं लग्न होतं तिथे तर त्याने कहरच केला. मांडवाला एकच दार. नवरदेव घोड्यावर, वाजंत्री रंगात, आणि हा मागची कनात सोडतोय! माझे मोठे भाऊ धावले, "ओ सायेब, हाई काय करी ऱ्हायनात?" हा म्हणाला, "दुसरा रस्ता." झालं एवढंच की त्या दुसऱ्या रस्त्याने दोन म्हशी आत आल्या आणि व्याह्यांच्या पंगतीत उभ्या राहिल्या. भाऊ अजून माझ्याशी तुटक बोलतात.

मिलमध्ये त्याची खरी झुंज बायांशी. साडीचा पदर पट्ट्यात जाऊ नये म्हणून वरून पुरुषी शर्ट घालायचा, बटणं लावायची, असा त्याचा नियम. बायांची पुढारी जतनबाई. जिनिंगमध्ये माझ्याही आधीची, आणि जीभ कातरीसारखी. तिने भर कामाच्या पाळीत विचारलं, "सायेब, तुम्हनं सोतानं लगीन नई, आन आम्हना पदर कसाले दखतस?"

कान लाल झाले पोराचे. पण पुढच्या बाजाराच्या दिवशी जुन्या शर्टांचं गाठोडं घेऊन आला. त्यातला एक शर्ट मी ओळखला. मुलाखतीला घातलेला.

मार्च उजाडला. खरेदीदाराची माणसं येऊन फोटो काढून गेली, हंगाम आटपत आला, आणि सेठचा तो हुकूम निघाला. "पुढच्या वर्षी ऑडिट आलं की दुसरा बघू. असे डिप्लोमावाले ढीगभर मिळतात." मग पत्र, मग माझा तो पराक्रम. सेठची सही झाली, महिना मोजायला सुरुवात झाली. रायसिंग रोज फळा लिहीत राहिला.

शेवटच्या आठवड्यात तो म्हणाला, "सर, जाता जाता एक सराव घ्यायचाय. भोंगा वाजला की सगळ्यांनी फाटकाच्या निंबाखाली यायचं. मी मोजणार." पत्राची लाज मनात होतीच. सेठला न विचारता मी हो म्हटलं आणि यादी करून दिली. त्रेपन्न माणसं, माझ्यासकट.

आणि सरावाच्या दिवशी मी विसरलो. दुपारचा डबा खाल्ला, ऊन मी म्हणत होतं, शेडच्या मागच्या अंगाला गंजीच्या सावलीत कापूस गादीसारखा पसरला होता. जरा टेकलो.

पुढचं मला जतनबाईकडून कळलं. भोंगा झाला, मशीन थांबली, सगळे निंबाखाली. रायसिंगने मोजलं. बावन्न. पुन्हा मोजलं. बावन्नच. जतनबाई म्हणाली, "नाना व्हई. घोरी ऱ्हायना व्हई कोठेतरी." सगळे हसले. रायसिंग हसला नाही. तो आत पळाला.

मला जाग आली तेव्हा नाकातोंडात कापूस होता आणि छातीवर ओझं. गंजीची एक कड घसरून माझ्यावर आली होती. बाहेर राहिली होती फक्त उजव्या पायातली चप्पल. कोणीतरी दोन्ही हातांनी कापूस उपसत होतं आणि ओरडत होतं, "नाना! नाना!" मला 'सर'खेरीज त्याने कधी हाक मारली नव्हती. तोंड मोकळं झाल्यावर मी विचारलं, "चहा आला का?"

तो मटकन खाली बसला. हेल्मेट कुठेतरी पडलं होतं.

"अरे, सरावच होता ना?" मी म्हणालो.

"माझ्या बापाला कोणी मोजलं नव्हतं, सर," तो म्हणाला. "गुजरातेत जिनिंगवर गेला होता. गंजी घसरली. टोळीला वाटलं, गावी निघून गेला. घरी आम्हाला वाटलं, कामावर आहे. चार दिवस तो गंजीखाली होता."

एवढंच. मग त्याने शर्टावरची रुई झटकली, हेल्मेट शोधलं आणि वहीत लिहिलं, 'त्रेपन्न'.

आम्ही बाहेर येतो तो फाटकात सेठची गाडी.

"मशीन कोणी बंद केली?"

"मी," रायसिंग म्हणाला. "सराव होता." माझं नावही काढलं नाही.

"जाता जाता नुकसान करून जातोस? नाना, याचा हिशेब आजच्या आज करा आणि रस्ता दाखवा."

मी गप्प राहिलो असतो तर निभावलं असतं. गप्प राहण्यात माझी पंचवीस वर्षं गेली आहेत. पण पोराच्या नखांत कापूस अडकलेला दिसत होता.

"सेठ, आत मी होतो," मी म्हणालो. "कामाच्या वेळेत झोपलो होतो. गंजी अंगावर आली. हा भोंगा झाला नसता तर ट्रॅक्टरने त्याच बाजूचा कापूस मशीनकडे ढकलायला घेतला असता."

सेठने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. केसांत रुई, एका पायात चप्पल. मग ट्रॅक्टरकडे पाहिलं. मिलमध्ये माणूस गेला तर किती दिवस कुलूप, हा हिशेब त्यांनी तिथेच केला असावा.

"पत्र फाडा," ते म्हणाले. "पण पगार तोच. आणि तुमचा आज खाडा, नाना."

गाडी वळून ऑफिसकडे गेली. रायसिंग निंबाखाली बायांना परत आत सोडत होता, एकेकीला मोजून. जतनबाई शर्टाचं वरचं बटण लावत माझ्यासमोर येऊन थांबली, मला नीट न्याहाळलं आणि सगळ्या पाळीला ऐकू जाईल असं म्हणाली,

"एवढा कापूस उकरा बिचारा सायेबनी, आन निंघना कोन, ते नाना!"