रॅमला पंचामृत

"रॅम बदलायला काय डोकं लागतं? जुनी काढायची, नवीन ठोकायची. पाच मिनटं, बस!"

दहावीत शाळेला रामराम ठोकलेला, गरिमाताईचा धाकटा भाऊ तरुण हे अशा ऐटीत बोलला, जणू कॉम्प्युटरचा शोध हरिशंकरपुरममधल्या त्याच्याच गच्चीवर लागला होता! गरिमाताईचा दुपारी चारला ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. घरचा कॉम्प्युटर मात्र असा रखडायचा की म्हशीने मागून हॉर्न द्यावा. मागच्या इंटरव्ह्यूत ताईचा चेहरा उघड्या तोंडानिशी स्क्रीनवर अडकला आणि नोकरी गेली. आज तसं झालं तर ती तरुणला कच्चा खाणार होती!

जयेंद्रगंजच्या दुकानदाराने विचारलं, "भैया, डीडीआर थ्री या फोर? बोर्ड कौन सा है?"

तरुणच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. लोक अशी परीक्षा घेतात म्हणून तर शाळा सोडली! "जो नया है वो दो न! पुराना माल लेने आए हैं क्या?"

घरी खंडेनवमीची गडबड. इंटरव्ह्यू ठेवणाऱ्या कंपनीला खंडेनवमी काय माहीत! पाटावर पणजोबांची तलवार, बाबांचा पाना, आईची विळी, सगळी शस्त्रं पूजेला बसलेली. तरुणने कॉम्प्युटरचा डबा उघडला, जुनी रॅम उपसून टेबलावर टाकली, नवीन लावली. बसेना! उलटी केली. तरी बसेना! रॅमच्या पट्टीला एक खाच, बोर्डाच्या फटीत एक उंचवटा. पण खाच इकडे, उंचवटा तिकडे. नवरा एका मांडवात, नवरी दुसऱ्या!

"सरक," जयसिंहराव, म्हणजे बाबा, बाह्या सारत आले. "पणजोबांची तलवार म्यानात जात नव्हती. परत केली का त्यांनी? म्यान घासलं! कानस आण."

"बाबा, ही तलवार नाहीये न यार!"

"बापाला यार म्हणतो? अरे, म्यानाचं पितळसुद्धा झिजलं, हा तर हिरवा पुठ्ठा!"

आणि खर्र खर्र! तरुणने झडप घालेपर्यंत नव्या पट्टीला नवी खाच! तेवढ्यात त्याला बोर्डावर बारीक पांढरी अक्षरं दिसली. डीडीआर थ्री. पट्टीवर बघितलं. डीडीआर फोर! म्हणजे खाच मुद्दाम वेगळी केलेली! भलतीच रॅम कोणा अडाण्याने घुसवू नये म्हणून. आणि तो अडाणी...

"जुनी कुठे गेली? टेबलावर होती!"

"पाटावर," मंदाताई, म्हणजे आई, शांतपणे म्हणाली. "बिचारी इतकी वर्षं राबली. आता रिटायर झाली न? म्हटलं, तिची पण पूजा होऊन जाऊ दे."

तरुण धावला. पट्टी वाटीत! दूध, दही, तूप, मध, साखर. वर झेंडूची पाकळी!

"आई! पंचामृत?"

"अभिषेक."

"मग तलवारीला का नाही केला?"

"वेडा आहेस का? तलवारीला गंज चढेल!"

दारात गरिमाताई. वर इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा. "तरुण," ती हळूच म्हणाली. ताई ओरडली की घर हलायचं. हळू बोलली की तरुण!

पट्टी धुतली, पुसली, ड्रायरने वाळवली. तरी सोनेरी दातांवर तूप. खोडरबरने घासतात, हे त्याने व्हिडिओत पाहिलं होतं. पण खोडरबर कुठलं? कंपासपेटी कधीच रद्दीत गेलेली. शेजारच्या सुधाताईंकडे पळाला.

"शाळा सोडलीस न रे? आता काय खोडायचं राहिलं?"

"काकू, द्या न जल्दी!"

चार वाजायला आले. पट्टी आपल्या जुन्या जागी कटकन बसली. बटण दाबलं. आणि कॉम्प्युटर सुरू! नुसता सुरू नाही, धावला! ताईचा इंटरव्ह्यू एकदाही न अडकता पार पडला, आणि पुढच्या फेरीला बोलावलं ते तिथल्या तिथे!

"पंचामृत!" आईने हात जोडले.

"अगं काय पंचामृत! मी खोडरबरने घासलं म्हणून..." तरुण तावातावाने स्क्रीनकडे वळला आणि तिथेच थिजला. कोपऱ्यात एक बारीक सूचना. त्याने चोरून लावलेला भलामोठा गेम महिनाभर दिवसरात्र डाउनलोड होत होता. मशीन बंद केल्यामुळे आज थांबला होता. म्हणजे कॉम्प्युटर रखडायचा तो त्याच्यामुळे!

"खोडरबरने काय?" ताईने विचारलं.

इतक्यात भिंतीपलीकडून सगळं ऐकून दारात सुधाताई. काखेत मिक्सर! "मंदाताई, हा पण फार अडकतो हो. थोडं पंचामृत उरलंय का?"

तरुणने सूचना गुपचूप पुसली आणि वाटी उचलली.

"आणा इकडे, काकू. आई, तूप जरा जास्त घाल."