तेविसाव्या कलमातला पाळणा

"शब्द द्यायच्या आधी हवा तेवढा विचार कर, मुक्ते. एकदा दिलास की मग विचार करायचा नाही, पाळायचा."

आई जाऊन अकरा वर्षं झाली, तरी तिचा हा आवाज शुक्रवारी सकाळी कोथरूडच्या दुसऱ्या मजल्यावर मुक्ताईंना अगदी कानाशी ऐकू आला. देवापुढचा दिवा लावून त्या पाटावर बसल्या होत्या. हातात पोथीऐवजी मोबाईल होता आणि त्यातल्या तेविसाव्या कलमावर त्यांचं बोट थबकलं होतं.

रविवारी नातीचं बारसं. त्यांच्या माहेरच्या प्रत्येक मुलीचं नाव एकाच पाळण्यावर ठेवलं गेलं होतं. तो पाळणा त्यांच्या आईनं, गोदाबाईंनी, रचलेला. कुठं छापलेला नाही, आता फक्त मुक्ताईंना येतो. "ऐन वेळी तुझा घसा बसला तर?" म्हणून लेकीनं, नम्रतानं, गुरुवारी 'स्वरडबी' नावाचं ॲप फोनवर घेऊन दिलं होतं. मुक्ताईंनी 'मला मान्य आहे' हे बटण दाबलं, पाळणा म्हटला, डबीत ठेवला. इथवर सगळं छान झालं.

शुक्रवारी डबी नीट बंद आहे ना, हे बघताना त्यांचं बोट निळ्या अक्षरांवर पडलं आणि 'अटी व शर्ती' उघडल्या. एकदा उघडलेलं वाचन अर्ध्यावर सोडायचं नाही, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. त्यांनी चष्मा लावला आणि एका बैठकीत बेचाळीस कलमं वाचून काढली.

"अहो," त्यांनी हळूच हाक मारली, "मी आता पाळणा म्हणू शकत नाही."

दिग्विजयराव पेपरातून बाहेर आले नाहीत. "घसा बसला?"

"शब्द दिलाय. ॲपवर म्हटलेलं गाणं कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय दुसरीकडे म्हणणार नाही, असा."

"अगं, असं मान्य मान्य मी दोनशे ठिकाणी केलंय. कुठं काय मान्य केलं, ते देवालाच ठाऊक."

"देवाला ठाऊक आहे, हीच तर अडचण आहे."

दुपारी नम्रता बाळाला घेऊन आली आणि डोक्याला हात लावून बसली. "आई, लोक असलं वाचत नाहीत गं. बरं, मग रेकॉर्डिंगच लावू."

"ते चोविसावं कलम. चारचौघांत वाजवायचं नाही."

"नुसतं गुणगुणलीस तर?"

"गुणगुणणं त्यात येतं का, ते अनिरुद्धला विचारायला हवं."

अनिरुद्ध म्हणजे वरच्या मजल्यावरचे वकील. संध्याकाळी ते चहाला आले, बाळाकडे बघून हसले आणि उत्साहानं सरसावून बसले. "काकू, बटण दाबलं की साधारण करार होतो, हे खरं. पण एखादी अट फारच एकतर्फी असेल, कोपऱ्यात दडवलेली असेल, तर कोर्ट ती मानेलच असं नाही. न वाचता बटण दाबणाऱ्या माणसाच्या बाजूनं बोलायला मला पुष्कळ वाव आहे."

"पण मी वाचली ना."

"कधी?"

"आज सकाळी. दिवा लावून."

अनिरुद्धनी कप खाली ठेवला. "तुम्ही वाचायला नको होतं, काकू."

"आणि कोर्टाचं राहू दे. मी कबूल केलंय, हे मला माहीत आहे ना."

"याला मात्र कुठल्याच कोर्टात अपील नाही," दिग्विजयराव म्हणाले.

नम्रतानं कंपनीला मेल टाकला. उत्तर तत्काळ आलं. 'आपली विनंती आमच्यासाठी महत्त्वाची आहे. सात कामकाजाच्या दिवसांत संपर्क करू.' बारसं दोन दिवसांवर आलेलं. विहीणबाईंचा फोन आला की काही काळजी करू नका, आम्ही मोबाईलवर एखादं सिनेमातलं गाणं लावू. तो ऐकून मुक्ताईंनी बेचाळिसावं कलम पुन्हा काढलं. त्यात कंपनीचा पत्ता होता.

शनिवारी सकाळी पूजा आटोपून त्या दिग्विजयरावांच्या स्कूटरवर मागे बसून बिबवेवाडीला पोचल्या. पत्ता एका डेअरीच्या वरच्या खोलीचा निघाला. आत दोन टेबलं होती आणि हाफ पँटीतला एकच तरुण होता. त्याचं नाव शुभंकर. कंपनी म्हणजे तोच.

"या अटी तुम्ही लिहिल्यात?" मुक्ताईंनी मृदू आवाजात विचारलं.

"म्हणजे, बेसिकली इकडून तिकडून कॉपी-पेस्ट केल्यात, काकू."

"वाचल्या नाहीत?"

"कोणीच वाचत नाही."

"मी वाचल्या."

शुभंकर खुर्चीवरून उठून उभा राहिला. त्याला असा माणूस पहिल्यांदाच भेटत होता. "सगळ्या? काय काय आहे त्यात?"

"अडतिसाव्यात तुम्ही प्रवाशांच्या सामानाची जबाबदारी घेतलीय."

"कुठल्या प्रवाशांच्या?"

"ते तुम्ही शोधा. आधी माझं तेविसावं बघा."

त्यानं लॅपटॉप ओढला, ते कलम दोनदा वाचलं आणि कान पकडले. "काकू, आत्ता उडवतो. हे बघा, डिलीट. झालं. आता बिनधास्त म्हणा."

"पुढच्या लोकांसाठी उडवलंत, बरं केलंत. माझा शब्द परवाचा आहे. मला लेखी परवानगी द्या."

"इतकं?"

"द्या हो," दारातून दिग्विजयराव म्हणाले. "मी या बाईंबरोबर अडतीस वर्षं राहतोय. लवकर द्याल तर लवकर सुटाल."

शुभंकरनं वहीचा कागद फाडला, परवानगी लिहिली, सही केली. शिक्का कंपनीकडे नव्हता. मग मुक्ताईंनी पर्समधून कुंकवाची डबी काढली आणि कागदाच्या कोपऱ्यात बोट टेकवलं. "आता पूर्ण झालं," त्या म्हणाल्या.

रविवारी चार वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये घुगऱ्यांचा वास दरवळत होता. 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' झालं आणि मुक्ताईंनी गोदाबाईंचा पाळणा सुरू केला. पहिल्या ओळीला आवाज कापला, दुसरीला लागला, तिसरीला विहीणबाईंनी मोबाईल पर्समध्ये ठेवला. बाळाचं नाव प्रियदर्शिनी ठेवलं. कोणी हरकत घेतलीच तर असावा, म्हणून कुंकवाचा कागद खिशात घालून दिग्विजयराव पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी दोनदा चष्मा पुसला.

सोमवारी सकाळी ते पेपर वाचत होते, तेव्हा मुक्ताई चपला घालताना दिसल्या. हातात लाल कापडात बांधलेलं काहीतरी होतं.

"पोथी घेऊन कुठं निघालीस?"

"पोथी नाही. अटी. नम्रताकडून छापून घेतल्या."

"आता काय राहिलं?"

"एकतिसावं कलम. 'वापरकर्ता आपल्या पाच परिचितांना ॲपची ओळख करून देईल.' अनिरुद्धपासून सुरुवात करते. पूर्ण वाचायला सव्वा तास लागतो."

"आणि हे सगळं ऐकल्यावर एकानंही बटण दाबलं नाही तर?"

"ओळख करून द्यायचं मी कबूल केलंय," मुक्ताई म्हणाल्या. "बटण दाबा म्हणून सांगायचं कुठल्याच कलमात नाही."

दार हलकेच ओढून घेऊन त्या जिना चढू लागल्या.