सात थरांचा कॅसरोल

"एकदा माझ्या हातचं खाऊन बघा, परत हॉटेलचं नाव काढणार नाही!"

दयारामभाऊंनी ही घोषणा केली तेव्हा त्यांनी उभ्या आयुष्यात फक्त एकदा चहा केला होता. आणि त्यातही चहापूड घालायची राहून गेली होती.

पण माणूस जिद्दीचा. शिवाय भयंकर चौकस! सातिवलीच्या एका कारखान्यात तीस वर्षं त्यांनी मापं तपासायचं काम केलं होतं. यंत्राचा सुटा भाग हातात आला की त्याची जाडी मोजायची, खोली मोजायची, आणि केसाएवढा फरक दिसला तरी तो बाजूला काढायचा. सहा महिन्यांपूर्वी ते रिटायर झाले आणि भुईगावच्या घरात मोजायला काही उरलं नाही. मग त्यांनी मिक्सर उघडला. शिवणयंत्र उघडलं. पंखा उघडला आणि परत लावला, तेव्हापासून तो फक्त पाचवर फिरतो. यशोदावहिनी रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावून एकच मागणं मागायच्या, की ह्यांना कुठेतरी गुंतव.

देवाने ऐकलं. नाताळात शेजारच्या हेलनबाईंनी दोघांना जेवायला बोलावलं आणि टेबलावर एक काचेचं भांडं आणून ठेवलं. बटाट्याच्या पातळ चकत्या, मध्ये पांढरा सॉस, वर चीज. ओव्हनमधून नुकतंच काढलेलं. वरचा थर असा हलत होता, की जणू आत कुणीतरी तोंड दाबून हसतंय!

"हे काय?" भाऊंनी चष्मा लावला.

"चीज-बटाट्याचा कॅसरोल. घ्या ना."

"थर किती?"

"मोजले नाहीत, दयारामभाऊ."

मोजले नाहीत! भाऊंनी काट्याने कडेने उकरून मोजले. पाच. "आणि चकतीची जाडी?"

"बेताची."

"बेताची म्हणजे किती मिलिमीटर?"

हेलनबाईंचे यजमान मार्सेल हळूच आपली बशी उचलून अंगणात जेवायला गेले. हेलनबाई मात्र शाळेत मास्तरीण होत्या. तीस वर्षं त्यांनी चौकस मुलं सांभाळली होती. त्यांनी लोणी किती, मैदा किती, दूध किती, सगळं सांगितलं आणि भाऊंनी ते डायरीत उतरवून घेतलं. घरी जाताना वाटेतच त्यांनी ठरवलं, की संक्रांतीनंतरच्या रविवारी आपल्या वाडीत भावकी जमेल तेव्हा हा कॅसरोल आपण करायचा. पाच नाही, सात थरांचा!

भावकीचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. भाऊंनी त्यावर लिहिलं, "यंदा संक्रांतीला माझ्यातर्फे सर्वांना कॅसरोल!!!"

"अहो, बटाट्याचा आहे असं तरी लिहा," यशोदावहिनी तीळ भाजता भाजता म्हणाल्या. त्यांनी स्वतः तो ग्रुप कधीच म्यूट करून ठेवला होता, कारण त्यावर सकाळी सातच्या आत गुलाबाची चाळीस चित्रं यायची.

"आधीच सगळं सांगितलं तर उत्सुकता काय राहिली?" भाऊ म्हणाले.

उत्सुकता राहिली. इतकी राहिली, की विचारू नका! कारण अख्ख्या भावकीला कॅसरोल म्हणजे एकच गोष्ट ठाऊक होती: पोळ्या गरम ठेवायचा, घट्ट झाकणाचा, गोल डबा. त्यातून दिवस संक्रांतीचे. यशोदावहिनी दरवर्षी हळदीकुंकवाला बायकांना वाण म्हणून काहीतरी वस्तू द्यायच्या. गेल्या वर्षी चहाची गाळणी दिली होती. आता भाऊ रिटायर झालेले, हात सढळ झालेला दिसतोय, असं म्हणून पाच मिनिटांत ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली.

संध्याकाळी विरारहून, फुलपाड्याच्या हिराआत्याचा फोन आला. वय ब्याऐंशी, आवाज बावीस.

"दया, कॅसरोलचं खरं का रे?"

"अगदी खरं, आत्या!"

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना! कुणाला नाही म्हणणार नाही."

"केवढा आहे?"

"चांगला मोठा."

"आणि रंग?"

भाऊंना आश्चर्य वाटलं. पण प्रश्न रास्त होता. "वरून सोनेरी. आतून पांढरा."

"सोनेरी! अगं बाई! आणि थर? आमच्या सुनेचा दोन थरांचा आहे, तासाभरात गार पडतो मेला."

"आत्या, माझा सात थरांचा आहे!"

आत्या हरखून म्हणाली, "सात? मग सकाळचं रात्रीपर्यंत गरम!"

"तितकं सांगत नाही, पण दोन-तीन तास कुठे जात नाही."

भाऊंनी फोन ठेवला. फुलपाड्याच्या चाळीत बसून ह्या बाईला थरांचं महत्त्व कळतं! "अगं ऐकलंस का," त्यांनी आत हाक मारली, "आत्यासुद्धा यूट्यूब बघते हं!"

मग प्रश्नच प्रश्न. पुतणी जागृती, म्हणजे ग्रुपची कारभारीण, हिने विचारलं, "काका, मायक्रोवेव्हमध्ये चालेल ना?" भाऊंनी लिहिलं, "चालेल, पण वरचा कुरकुरीतपणा जाईल." ह्या उत्तरावर जागृतीने बराच विचार केला आणि शेवटी अंगठा पाठवला. भाचा विपुल, हिराआत्याचा नातू, म्हणाला, "मामा, पडला तर फुटेल का?" भाऊंनी लिहिलं, "पाडू नकोस!"

लोकांना आपल्या पदार्थाबद्दल एवढं कुतूहल आहे हे बघून भाऊंची छाती फुगली. आणि येणाऱ्यांचा आकडाही. दरवर्षी बावीस माणसं असायची. बुधवारी एकेचाळीस झाली. शुक्रवारी त्रेसष्ट! डहाणूचे लोक बारा वर्षांत फिरकले नव्हते, तेही येतो म्हणाले.

"एवढे का येतायत हो?" यशोदावहिनींना प्रश्न पडला.

"चव, यशोदा! चवीची वार्ता पसरते!"

"अजून तुम्ही केलाय कुठे?"

ह्यावर भाऊ पिशवी घेऊन बाजारात गेले. तीन किलोंचा बेत होता, बारा किलो बटाटे आले. शनिवारी ओट्यावर भाऊ कारखान्यातून निरोपाला मिळालेली मोजपट्टी घेऊन बसले. पितळी जबड्यांची, मिलिमीटरचा दहावा हिस्सा दाखवणारी. यशोदावहिनी किसणीवर चकत्या पाडायच्या आणि भाऊ एकेक चकती जबड्यात धरून बघायचे.

"तीन पूर्णांक चार. रिजेक्ट!"

"अहो, बटाटा आहे तो, बेअरिंग नाही!"

"दोन पूर्णांक सहा. रिजेक्ट!"

रिजेक्ट चकत्यांचा ढीग वाढत गेला. त्याची दुपारी भाजी झाली. संध्याकाळीही भाजी झाली. शेवटी मोजपट्टी कुठे गेली ते भाऊंना कळलं नाही आणि यशोदावहिनींनी सांगितलं नाही, तेव्हा कुठे काम पुढे सरकलं.

आता ओव्हन! हेलनबाईंनी एवढा माल बघितला आणि हात जोडले. "माझ्या ओव्हनमध्ये ह्यातला चतुर्थांशही नाही मावणार. बॅप्टिस्टला विचारा."

बॅप्टिस्टची गावात बेकरी होती, लाकडाच्या भट्टीची. रविवारी सकाळचे पाव निघाले की भट्टी तशीच तापलेली राहायची. त्याने पावाचे तीन मोठे ट्रे दिले, जागाही दिली. पण भाऊंचं समाधान होईना.

"किती डिग्री?"

"हात घालतो," बॅप्टिस्ट म्हणाला. "पाच मोजेपर्यंत हात टिकला तर पाव, दहापर्यंत टिकला तर केक."

"आणि कॅसरोल?"

"ते तुम्ही सांगा."

भाऊंनी बाही सरसावली, हात घातला आणि मोजायला लागले. आठावर त्यांनी हात काढला तेव्हा मनगटावरचे सगळे केस गेले होते! पण माप मिळालं होतं. सगळा माल नीट उतरला. वरचं चीज सोनेरी झालं, कडेला तपकिरी डाग पडले, आणि वास असा सुटला की चर्चमधून परतणारी चार माणसं बेकरीच्या दाराशी थांबली. "बॅप्टिस्ट, आज नवीन काय?" भाऊंना वाटलं, रिटायर व्हायला आपण उगाच अठ्ठावन्न वर्षं थांबलो.

बाराला वाडीत चिकूच्या झाडांखाली त्रेसष्ट माणसं जमली. प्रत्येक बाईच्या काखेत रिकामी पिशवी. भाऊंच्या ते लक्षात आलं नाही. हिराआत्याच्या हातात मात्र फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं.

"हे काय आणलंस, आत्या?"

"तांदळाच्या भाकऱ्या. पंधरा आहेत. नव्या वस्तूत काहीतरी घालूनच घरी न्यावी रे."

भाऊंना ह्याचा अर्थ लागला नाही, पण म्हातारं माणूस, असेल काही रीत. जागृतीने तर पंचवीस पोळ्या आणल्या होत्या. तीही म्हणाली, "ट्राय करून बघायला!"

टेबलावर तीन ट्रे, त्यांवर पांढरी चादर. भाऊंनी घसा साफ केला. "मंडळी, तीस वर्षं मी लोखंड मोजलं. आज पहिल्यांदाच तुमच्यासाठी काहीतरी स्वतःच्या हाताने केलंय!"

"स्वतः केले?" मागून कुणीतरी कुजबुजलं. "कारखान्यातून पत्रा आणला असेल."

भाऊंनी चादर ओढली.

वाफ उठली. त्रेसष्ट माणसं टेबलाकडे बघत होती, मग टेबलाखाली बघायला लागली.

"छान वास आहे," हिराआत्या म्हणाली. "कॅसरोल कुठायत?"

"हाच कॅसरोल!"

"हा बटाटा आहे."

"बटाट्याचा कॅसरोल! सात थर, मोजून घे!"

"ह्याला झाकण कुठाय?"

"झाकण? झाकण कशाला, आत्या?"

हिराआत्या खुर्चीवर बसली. "दया, मी माझा जुना कॅसरोल काल कामवालीला देऊन टाकला रे!"

"मी भंगारात दिला!" जागृती ओरडली.

"आम्ही डहाणूहून आलो!" डहाणूचे ओरडले.

मग भाऊंच्या डोक्यात एकेक प्रश्न उलटा फिरायला लागला. रंग. थर. फुटेल का. त्यांनी यशोदावहिनींकडे बघितलं. वहिनींनी कपाळाला हात लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. रडतायत की हसतायत, हे भाऊंना एवढ्या लांबून मोजता येईना. लपायला जागा शोधावी तर चिकूची झाडं बुंध्याला बारीक. नव्या वर्षातल्या सगळ्या लग्नांत आता आपल्याला हेच ऐकावं लागणार, हे त्यांना स्पष्ट दिसलं. त्यांच्या हातातला डाव खाली आला.

तेवढ्यात हेलनबाई पुढे झाल्या. त्या भावकीतल्या नव्हत्या, पण भट्टीचं काय झालं ते बघायला आल्या होत्या. त्यांनी शांतपणे आत्याच्या गाठोड्यातली एक भाकरी घेतली, तिच्यावर डावभर बटाटा घातला आणि खाल्ला. शाळेत पेपर तपासावा तशा डोळे बारीक करून.

"दयारामभाऊ," त्या म्हणाल्या, "माझ्यापेक्षा चांगला झालाय."

मग विपुल उठला. मग डहाणूचे उठले, एवढ्या लांबून आलेच होते तर. पोळ्या सुटल्या, भाकऱ्या सुटल्या. पाऊण तासात दोन ट्रे साफ! तिसऱ्याच्या कोपऱ्यातला कडक तुकडा कुणाचा, ह्यावरून दोन शहाणीसुरती माणसं भांडली. पण पदार्थ कसा केला, चकती किती मिलिमीटरची, हे मात्र एकानेही विचारलं नाही. भाऊ डायरी खिशात घेऊन उगाच पंक्तीतून फिरत राहिले.

निघताना हिराआत्याने त्यांना बाजूला घेतलं. "दया, एक विचारू का रे?"

भाऊंचा हात खिशाकडे गेला. "विचार ना, आत्या! अगदी मनमोकळं विचार!"

"तळाला थोडं चिकटलंय. विपुलला आवडलंय. ट्रेसकट नेऊ का?"

भाऊ म्हणाले, ने. त्या दिवशी ते कशालाही हो म्हणाले असते. मागोमाग दुसरा ट्रे जागृतीने पिशवीत घातला. तिसरा डहाणूला गेला.

सोमवारी पहाटे बॅप्टिस्ट दारात उभा! "माझे ट्रे? पाव काय हातावर भाजू?"

भाऊ तसेच स्कूटरवरून फुलपाड्याला गेले. हिराआत्याच्या गच्चीत, उन्हात, बॅप्टिस्टचा ट्रे घासूनपुसून मांडलेला होता आणि त्यात वाल वाळत होते.

"आत्या," भाऊ खाली मान घालून म्हणाले, "तो ट्रे जरा हवा होता."

आत्याने वालांवरून प्रेमाने हात फिरवला.

"संक्रांतीचं वाण कुणी परत मागतं होय रे, दया?"

भाऊंनी चहा घेतला, तिळाचा एक लाडू घेतला आणि तसेच परत निघाले. बेकरीवरून जाताना त्यांनी स्कूटरचं इंजिन बंद केलं आणि आवाज न करता उतारावरून घरंगळत गेले.