जोडजहाजाची डोलकाठी उभी केली त्याची हकीकत

वारा, पाणी आणि गाठ या तिहींस दंडवत घालून मजकूर लिहिला ऐसा जे, शके १९४५ शोभननाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, रविवारी, खाडीकाठच्या एका राज्यात जोडजहाज सिद्ध जाहले. राज्याचे नाव सांगण्याची आज्ञा नाही. जोडजहाज म्हणजे दोन निमुळती होडकी, त्यांवर दोन आडवे दांडे, दांड्यांमध्ये ताणलेली जाळी, आणि पुढील दांड्यावर सोळा हात उंच डोलकाठी. माणसांनी जाळीवरच बसावे. हे जहाज राजे निंबाजीराव यांनी गतवर्षी आठ गाठोड्यांत आणविले, ते वडील भगिनी अक्कासाहेब यांच्या हट्टास्तव. अक्कासाहेब राज्याच्या वेधशाळेवर मुख्य, बोलणे मोजके, आणि लहानपणापासून मनी एकच, की आपल्या हाते शीड चढवून खाडी ओलांडावी. परंतु गतवर्षी दरबारी मंडळींनी डोलकाठी उभी करावयास घेतली, तेव्हा दिवाणजी 'ओढा' म्हणत आणि फौजदार 'सोडा' म्हणत, आणि मग डोलकाठी आडवी जाहली ती महाराज ज्या खुर्चीवरून नुकतेच चहास उठले होते त्या खुर्चीवर. खुर्ची कामातून गेली. महाराजांनी हुकूम लिहविला, की अक्कांस आणखी एक वेळ द्यावी; डोलकाठी पुन्हा पडली तर जहाज मोडावे, डोलकाठीस ताणून धरणारे तारदोर धुणे वाळविण्यास द्यावे, आणि राज्यात शिडाचे नाव कोणी काढू नये.

मग अक्कासाहेबांनी वर्षभर मेजावर खराट्याची काडी आणि तीन दोरे घेऊन डोलकाठी उभी केली व पाडली, आणि कोणता दोर सैल असता ती कोठे पडते हे लिहून ठेविले. मग सतरा कलमांची यादी केली. पंचमीस सकाळी ओहोटी असता सर्वांस सांगितले, "आज बोलायचं मी एकटीनं." आणि बाजूंचे दोन तारदोर आधी अडकविले, आणि डोलकाठीचे बूड खोबणीत बसविले, आणि चौघांनी ती खांद्यावर घेऊन उचलली, आणि वृद्ध तातू तांडेल याने पुढील तारदोर ओढला. त्याची खीळ दांड्याच्या भोकात जाईना. जवभर अंतर राहिले. अक्कासाहेबांनी वर पाहिले तो उजवा तारदोर मध्येच एका आकड्यास अडकून आखूड जाहलेला. तो काठीने सोडविला आणि खीळ गेली. "सोडा," म्हणाल्या. दिवाणजी सोडीनात. तेव्हा तातू बोलिला, "दिवाणजी, आता सोडा. तुमी तिका नाय, तीच तुमका धरून आसा."

त्या किनाऱ्याची चाल ऐसी की जहाज पाण्यात घालण्यापूर्वी त्याचे सुटे जिन्नस तबकात मांडून हळदकुंकू वाहावे. दोन्ही होडक्यांस मागील अंगास करंगळीएवढे भोक असते, आतले पाणी काढावयासाठी. त्याची पितळी बुचेही तबकात ठेविली, फुले पडली, अक्कासाहेबांनी यादीत 'बुचे' या कलमापुढे खूण केली, राणीसाहेब तबक घेऊन वाड्यात गेल्या, आणि नारळ जहाजाच्या नाकास बांधून जहाज निघाले. अक्कासाहेब व तातू यांजबरोबर महाराजही हट्टाने बसले. वारा शिडात भरला, आणि अक्कासाहेबांच्या तोंडून चाळीस वर्षांत प्रथमच हसू फुटले ऐसे तातू सांगतो.

निम्मी खाडी जाहली तो तातू म्हणाला, "बाय, डावी कूस खाली जाता हा. सरकार जरा सरकतीत काय?" महाराज रागावले, "आम्ही बरोबर मधोमध बसलो आहो!" अक्कासाहेबांनी दांडा आणि समोरच्या पाण्याची रेघ ताडून पाहिली. दांडा दोन बोटे कलता होता. मग यादी आठविली. बुचे वाड्यात, फुलांखाली. परतावे तर वारा उलटा, आणि शीड उतरवून थांबावे तर पुन्हा एक वेळ मागावी कोणाकडे? त्या हळूच म्हणाल्या, "तातूमामा, बुचं बसवलीच नाहीत." तातू म्हणाला, "नारळाची शेंडी आसा मां? मगे कित्याक भियातस?" मग अक्कासाहेब सुकाणू तातूकडे देऊन जाळीवर पालथ्या पडल्या, महाराजांस म्हणाल्या, "निंबा, माझे पाय धर," आणि राजांनी धरिले. शेंडी पिळून दोन बोळे केले, ते कोपरभर पाण्यात हात घालून दोन्ही भोकांत ठासले, आणि ओला काथ्या फुगून घट्ट बसला. जहाज जड चालले, पण चालले, आणि पैलतीरी वाळूस लागले. तेथे नाक उचलून बोळे काढिले, आणि पाणी आले त्याच वाटेने गेले.

मग अक्कासाहेब पुढे जाहल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी. बुचं आहेत एवढंच पाहिलं, बसवली का ते पाहिलं नाही. हुकूम करावा." महाराज गुडघ्यापर्यंत भिजलेले, धोतर पिळीत उभे. म्हणाले, "अक्का, डोलकाठी पडली काय?"

"नाही."

"मग आमचा हुकूम डोलकाठीचा. बुचांविषयी त्यात अक्षर नाही." आणि पुढे म्हणाले, "परतताना सुकाणू आम्हांस धरू द्याल?"

अक्कासाहेबांनी बोळे पुन्हा भोकांत ठासले, हाताने चाचपून पाहिले, आणि मग सुकाणू महाराजांच्या हाती दिले.

सारांश, डोलकाठी उभी राहिली, जहाज राहिले, शिडाचे नाव राहिले. यादीस अठरावे कलम जाहले, आणि तेव्हापासून त्या राज्यात बुचांची पूजा होते ती भोकांत बसविल्यावर. घडले तितके लिहिले; वारा पडला, लेखणी ठेविली.