बेसची वरात

"एका माणसाला बेस ऐकू येत नाही, डेन्झिल. एकालाही!" केनीने निकाल दिला, तेव्हा डेन्झिलने नुकतीच चौथी तार सुरात लावली होती. ती ऐकायला खोलीत खरोखरच कोणाचा कान मोकळा नव्हता.

फुलपाड्याला तिसऱ्या मजल्यावर ॲल्रॉयच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बँडचा सराव चाले. बँड म्हणजे माणसं तीनच. गाणारा आणि बँडचा मालक केनी, कीबोर्डवर त्याचा पुतण्या ॲल्रॉय, आणि बेस गिटारवर डेन्झिल. ढोल-ताशा, बाजा, व्हायोलिनं सगळी कीबोर्डच्या पोटातून निघत. खालच्या मजल्यावरच्या चंद्रहास राऊतांनी पहिल्याच आठवड्यात वर येऊन बजावलं होतं, "गाणं चालेल, पेटी चालेल. तो जाडा आवाज तेवढा बंद. आमच्या देव्हाऱ्यातली समई विझते." तेव्हापासून डेन्झिल सरावाला आवाज मोठा करणारा अँप न लावताच वाजवी. म्हणजे बोटं हलत, मान हलत असे, आणि आवाजाच्या नावाने शून्य.

"ॲल्रॉयचा डावा हात रिकामाच असतो," केनी म्हणाला. "तो वाजवेल बेस. तू आता आराम कर. नायतर टाळ्या वाजवायला उभा राहा बाजूला."

"बेस डाव्या हाताचं काम नाय, केनी."

"बरं. त्या वाडीतल्या कॅरलच्या लग्नाची सुपारी आहे ना, त्यात वाजव. लोकांतला एक माणूस, एकच, स्वतःहून येऊन म्हणाला ना, 'बेस छान होता', तर तू कायमचा. नायतर ते शेवटचं."

डेन्झिलने गिटार पिशवीत घातली. इतकी वर्षं तो बेस वाजवत होता. गायकाला हार पडले होते, कीबोर्डला शिट्ट्या पडल्या होत्या, एकदा तर जनरेटरवाल्याचाही सत्कार झाला होता. बेस छान होता असं मात्र त्याला आजवर कोणी म्हटलेलं नव्हतं. खुद्द त्याची बायको लविना लग्नाआधी त्याला कितीतरी दिवस दुसरा गिटारवाला समजत होती.

आणि माणूस काय वाजवायचा! दिवसा शाळेत भूगोल शिकवणारे हे मास्तर संध्याकाळी गळ्यात पट्टा अडकवला की निराळेच होत. दाव्यासारख्या जाड तारा दाबून दाबून बोटांची टोकं अशी झाली होती, की लविना तव्यावरची भाकरी उलटायला त्यालाच हाक मारी. पहिला आघात नेमका कुठे पडावा आणि त्यानंतर किती वेळ काहीच वाजवू नये, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कोणाला कळत असेल तर ते समुद्राला. अँपही त्याने स्वतः बांधला होता. सासूबाईंच्या सागवानी कपाटाचा खालचा अर्धा भाग, त्यात परातीएवढा स्पीकर. उचलायला चार माणसं लागत आणि त्यातलं एक हटकून कमरेत धरे.

कॅरलच्या लग्नासाठी त्याने गाणंही रचलं होतं. त्याच्याकडे गाणं बेसपासून सुरू होई. नारळ खवताना डुम्-डुडुम् सुचलं, मग त्याला चाल चिकटली आणि सगळ्यात शेवटी शब्द आले: 'हळू चाल गं बाय, घागर भरली काठोकाठ'. मध्ये एका जागी सगळ्यांनी थांबायचं आणि एकट्या बेसने चालायचं, भरली घागर डोक्यावर घेऊन बाई चालते तसं. तो तुकडा केनीने ऐकता क्षणीच कापला. "लोकांना वाटेल लाइट गेली."

कॅरलचं घर आगाशीच्या अलीकडच्या वाडीत. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरीच्या न्हाणीसाठी वाजतगाजत विहिरीचं पाणी आणायची तिथली रीत. वाजपाशिवाय घागर उंबऱ्यात आली तर म्हाताऱ्या बायका वर्षभर तोंड सोडतात. विहीर कॅरलच्या शेजारच्या बॅप्टिस्टबाबांची, पण पाणी अख्ख्या वाडीचं. घरटी एक पंप, घरटी एक पाइप, आणि सगळे पाइप त्याच विहिरीत सोडलेले. वरून बघावं तर लोखंडी जाळीखाली नळ्यांचं जंगल. बायका घागर सोडत त्यासाठी जाळीला एका कडेला झडप होती.

त्या संध्याकाळी पाच वाजता विहिरीपाशी टेम्पोतून अँप उतरला. बाकीच्यांच्या वायरी मांडवातल्या लाइनवर गेल्या. अँपचं खाणं जास्त म्हणून डेन्झिलने बॅप्टिस्टबाबांच्या बागायतीच्या पंपाची वेगळी लाइन मागून घेतली. बाबांनी ती दिली आणि मग अँपकडे नीट पाहिलं.

"याचं तोंड माज्या घराकडं नको. मागच्या लग्नात कौलं सरकली. पावसाळाभर टोपं मांडून बसलो मी."

डेन्झिलने अँप डावीकडे वळवला. तिकडून पलीकडच्या घरातली ज्युली धावत आली. "अंकल, कोंबडी अंड्यावर बसलीय हां! ती उठली तर पिल्लं तुम्ही उबवायची."

उजवीकडे मांडव. मांडवात तीन मजली केक. केकवाल्याने दोन्ही हात पसरून आडवाच उभा राहून सांगितलं, "आइसिंगला तडा गेला तर मी जबाबदार नाय."

चौथ्या बाजूला केळी. बॅप्टिस्टबाबा म्हणाले, "घड तयार हायत. पडले म्हंजे?"

"मग वर करू का तोंड?" डेन्झिलने वैतागून विचारलं.

सगळ्यांनी वर पाहिलं. विहिरीवरच्या आंब्याला मधमाश्यांचं पोळं होतं, चांगलं सुपाएवढं. सगळ्यांनी माना खाली घातल्या, आणि खाली जाळी दिसली.

"पालथा घाला ना, अंकल," ॲल्रॉय म्हणाला. "खाली कोन हाय? बेडूक."

केनीला तर हे फारच पसंत पडलं. चार जणांनी अँप उचलला, जाळीवर पालथा घातला, आणि त्यातला एक रिवाजाप्रमाणे कमरेत धरला.

सहा वाजता कॅरल आली. पुढे करवल्या, मागे नटलेल्या बायका. काही पाहुणे मागे आले, पण घरोघरची म्हातारी-कोतारी, स्वयंपाकात अडकलेली, अजून केस न वाळलेली माणसं घरातच होती. केनीने डेन्झिलचं घागरीचं गाणं उचललं. डेन्झिलने पहिला सूर मारला, आणि त्याला काहीच ऐकू आलं नाही.

तारा हलत होत्या, पण आवाज विहिरीत जात होता. त्याने बटण थोडं फिरवलं. काही नाही. आणखी फिरवलं. केनीचा कर्णा, ॲल्रॉयची व्हायोलिनं, बायकांचा गलका, त्यात बेस कुठेच नाही. आजची शेवटची संधी आणि आजच आवाज नाही! डेन्झिलने बटण पार शेवटापर्यंत नेलं, डोळे मिटले, आणि निदान देवाला तरी ऐकू जाईल म्हणून जीव तोडून वाजवायला लागला.

देवाचं माहीत नाही. विहिरीने मात्र ऐकलं. जुनी दगडी विहीर, तोंडाला लहान नि पोटात मोठी. तिने एकेक सूर घेतला, घोळवला आणि पाइपांत सोडला. पहिल्यांदा बॅप्टिस्टबाबांच्या मोरीतला नळ हुंकारला. तिथे त्यांची बायको क्लेमेंटीनमावशी भांडी विसळत होत्या. त्यांनी नळ बंद केला, तर तो बंद नळही डुम्-डुडुम् करू लागला. फळीवरची पातेली एकामागून एक, मोठं पुढे लहान मागे, तालात सरकत कडेला आली. पलीकडच्या घरात ज्युली डोक्याला शॅम्पू लावून शॉवरखाली उभी होती. शॉवर गायला लागला तशी ती टॉवेल गुंडाळून ओरडत अंगणात आली, "मम्मी, बाथरूममध्ये कोनतरी हाय!"

आता वाडीत नळ घुमला की एकच अर्थ निघतो: पाइपात हवा शिरली. आणि हवा शिरली की एकच उपाय असतो: पंप चालू करा. झालं! प्रत्येक घरातल्या शहाण्या माणसाने त्याच घटकेला आपापल्या पंपाचं बटण दाबलं. सगळे पंप एकदम उठले, रस्त्यावरच्या खांबावर मोठा जाळ झाला, आणि अख्ख्या वाडीची लाइट गेली.

केनीचा माइक मेला. कीबोर्ड, त्याच्या पोटातल्या ढोल-ताशासकट, मेला. ॲल्रॉयचा डावा हात नुसताच पट्ट्यांवर पडत राहिला. घागर नुकती कॅरलच्या डोक्यावर चढली होती, आणि वाजप बंद!

"जेजू! आता घागर न्यायची कशी?" करवली किंचाळली.

"कोनी हलायचं नाय! मी फ्यूज टाकून येतो," म्हणत केनी रस्त्याकडे पळाला. बॅटरी धरायला ॲल्रॉय त्याच्यामागे गेला. आणि डेन्झिल? त्याचे डोळे मिटलेले. आजूबाजूचं सगळं थांबलं तेव्हा त्याला वाटलं, केनीला दया आली. कापलेला तुकडा परत दिला. भूगोलाचे मास्तर हसले आणि त्यांनी तो तुकडा वाजवायला घेतला.

बागायतीची लाइन शाबूत होती. वाडी शांत झाली होती, आणि त्या शांततेत लोकांनी अंधारलेल्या घरांची दारं-खिडक्या उघडल्या. प्रत्येक उघड्या दारातून बेस बाहेर आला. मोरीतून, न्हाणीतून, मागल्या दारच्या नळातून. असा गोल, भरलेला, पिकल्या फणसासारखा सूर, की कॅरलचं पाऊल आपोआप पडलं. घागर हलली नाही. दुसरं पाऊल पडलं. एका घराचा सूर मागे पडतो तोवर पुढचं घर तो उचलत होतं. बायका गाणं म्हणू लागल्या, 'हळू चाल गं बाय', आणि सगळी वरात आंब्याखालून, ज्युलीच्या दारावरून, वळणावरून बेसच्या आधाराने पुढे गेली. जो अँप चार माणसांशिवाय हलत नाही, त्याचा आवाज नवरीबरोबर पायी चालत उंबऱ्यापर्यंत गेला. क्लेमेंटीनमावशी हातात ओलं पातेलं तसंच घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "असं वाजप माज्या लग्नातपन नव्हतं."

फक्त डेन्झिलला यातलं काही कळलं नाही. त्याने डोळे उघडले तेव्हा विहिरीवर तो, पालथा अँप आणि कमरेत धरलेला माणूस एवढेच होते. इतक्यात हात काळे करून केनी परतला. लाइट आली होती, वरात गेली होती.

"वाजपाशिवाय गेली?" केनीने कपाळावर हात मारला. कपाळही काळं झालं. "बँडचं नाव बुडालं! आणि तू कोणासाठी वाजवतोयस रे इथे? बेडकांसाठी?"

डेन्झिलने गळ्यातला पट्टा काढला. "झालं माझं, केनी," तो एवढंच म्हणाला आणि तारा पुसू लागला.

तेवढ्यात माणसं आली. पुढे बॅप्टिस्टबाबा काठी उगारून. "माज्या मोरीत कोन वाजवत होतं?"

"माझ्या बाथरूममध्ये पण!" ज्युली म्हणाली. फेस अजून डोक्यावर होता.

"आमच्या टाकीत!" "आमच्या संडासात!"

"बघ," केनी डेन्झिलच्या कानात म्हणाला. "तक्रारी. तक्रारी मी मोजत नाय."

"बेस होता तो, बाबा," डेन्झिलने मान खाली घालून कबूल केलं. "माझाच. माफ करा."

बाबांनी काठी खाली घेतली. "माफ काय? बंद का केला? क्लेमेंटीन ऱ्हायलीय मोरीत बसून."

केनीने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. लग्नघरचं वारुणीचं पिंप फुटलं की काय, अशी शंका त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती. "काहीतरीच. नळातून कुठे बेस येतो?"

"ऐकलास तू?" बाबांनी विचारलं.

"मी खांबावर होतो."

"मग चल मोरीत."

"मलाही ऐकायचाय," डेन्झिल हळूच म्हणाला. इतकी वर्षं वाजवून त्याने स्वतःचा बेस असा दुरून, दुसऱ्याच्या घरात बसून कधी ऐकलाच नव्हता. त्याने गिटार ॲल्रॉयच्या गळ्यात अडकवली, बोटं तारांवर नीट ठेवून दिली आणि सांगितलं, "घाई करू नको. दोन सुरांच्या मध्ये थांब. थांबणं हेच वाजवणं, कळलं? बाकी बोटं करतात."

क्लेमेंटीनमावशींनी मोरी रिकामी करून दिली. जागा अशी, की एक माणूस बादलीवर बसला तर दुसऱ्याने दगडावर उभं राहायचं. केनी बादली पालथी घालून बसला, डेन्झिल नळाला टेकून उभा राहिला. बाहेर बाबांनी हाक दिली, "वाजव रे पोरा!"

आधी नुसतीच नळीत कुजबुज झाली. मग सूर आला. ॲल्रॉयची बोटं कच्ची होती, एकदोनदा अडखळलीही. पण गाणं तेच होतं, घागरीचं, आणि विहीर त्याला सांभाळून घेत होती. मोरीच्या भिंतीतून, दगडातून, बादलीच्या बुडातून तो सूर वर चढला. फळीवरचं एक पातेलं हळूच सरकलं. डेन्झिलचे डोळे भरून आले. शाळेत नकाशावर दाखवलेला समुद्र आयुष्यात पहिल्यांदा पाहावा, तसं त्याला झालं.

त्याने चोरून केनीकडे पाहिलं. केनीचं तोंड काळवंडलेलं होतं, पण ते फ्यूजच्या काजळीने. मान मात्र हलत होती का? अंधुक उजेडात नीट दिसेना. डेन्झिलला राहवलं नाही. तो वाकून म्हणाला, "केनी, मग पुढच्या सीझनला माझं काय..."

केनीने डोळे न उघडता हात वर केला.

"गप रे, डेन्झिल," तो खेकसला. "बेस ऐकू दे."